कालवड द्या, पण उधारीवर

प्रश्न : ताई, आमची मुलगी ११ वर्षांची आहे, तिला कालवड सांभाळून पुढं जनावरांच्या प्रदर्शनात उतरवायचीय. मी म्हणते यातनं तिला व्यवहार कळेल, तर हे म्हणतात खर्च सगळा आपला, बक्षीस मिळालं की ती नाचणार, यात धंदा कुठं आला? कोणाचं बरोबर?

उत्तर : खरं सांगू का, तुमच्या ह्यांचं बरोबर आहे. तरी कालवड द्या, फक्त फुकट देऊ नका. कालवडीची किंमत आणि खुराकाचा, म्हणजे पेंड-भरड्याचा, खर्च तिच्या नावावर उधारी म्हणून वहीत मांडा आणि वही तिनंच लिहायची. सगळ्यात जास्त पैसा खाण्यातच जातो, त्यामुळं खुराक रोज वजन करून लिहायचा, "एक घमेलं" असलं नाही चालणार, कुणी दाबून भरतं कुणी वरवर.

मग महिन्यातनं एकदा टेप लावायचा. पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की अंदाजे किलो निघतात. समजा घेर ४० आणि लांबी ३६, म्हणजे ८७ किलो. पुढच्या महिन्यात ४३ आणि ३८ भरली तर १०६. वाढ १९ किलो. तेवढ्यात खुराक ६० किलो गेला असेल तर किलोभर वाढीला ३ किलोच्या वर खुराक पडला, चारा वेगळाच. हाच आकडा एखाद्या महिन्यात ५ वर गेला ना, की पोरगी स्वतःच विचारत येईल, जंत झालेत का म्हणून!

प्रदर्शनाचं म्हणाल तर बक्षीस जमेत धरूच नका. मी लहानपणी एक गोऱ्हा नेला होता, खरारा करून नुसता चकाचक, पण मोरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून चालवायची सवयच लावली नव्हती, त्यानं मला अख्ख्या रिंगणातनं फरफटत नेलं आणि लोक हसले ते वेगळंच. परीक्षक पाठ, पाय, चाल बघतो, आणि चाल आदल्या आठवड्यात शिकवून येत नाही. पण रिंगणाबाहेर गिऱ्हाईक उभं असतं ते महत्त्वाचं. कालवडीची जन्मतारीख, आईचं दूध, लसी कधी झाल्या हे कागदावर घेऊन पोरीनंच बोलायचं, तुम्ही मधे तोंड घालू नका.

मधेच कालवड दगावली तर नुकसान कुणाचं, हे मात्र आधीच ठरवा. मी तर निम्मं-निम्मं म्हणेन.

आणि विकायच्या दिवशी ती रडणार. विकायचीच नाही म्हणाली तर ओरडू नका, हिशेब मागा. गाभणकाळच ९ महिन्यांचा, त्याआधीची वाढ धरून वेत होईपर्यंत खुराक कुठनं येणार, दूध सुरू झालं की महिन्याला उधारी किती फिटणार, सगळं लिहून आण म्हणा. बसला हिशेब तर राहू द्या की दावणीला.