मानवी हक्कांच्या इतिहासात वसाहतींच्या स्वातंत्र्याचा वाटा किती?

तुम्ही विचारलंय, मानवी हक्क ही पाश्चात्त्यांचीच कल्पना, तर वसाहती स्वतंत्र झाल्याने त्यात काय फरक पडला? मला विचाराल तर 'हा आमच्या घरचा मामला आहे' या सबबीला पहिला सुरुंग वसाहतींनीच लावला.

१९४६ सालचं बघा. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि राहण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. भारत तेव्हा स्वतंत्रही नव्हता, तरी भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडितांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडला. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या (म्हणजे स्थापनेच्या कराराच्या) प्रस्तावनेत मानवी हक्कांचा उल्लेख यावा म्हणून आदल्या वर्षी खटपट करणारे ते हेच! आता त्यांनी त्याच सनदेतलं कलम २(७) पुढे केलं: देशाच्या अंतर्गत कारभारात कुणी पडायचं नाही. तरीही भारताच्या बाजूचा ठराव ३२ विरुद्ध १५ असा मंजूर झाला. दोन-तृतीयांश मतं लागत होती. एक जरी मत पलीकडे गेलं असतं तरी पडला असता.

पोर्तुगालची युक्ती आणखी भारी. १९५१ मध्ये घटनेत बदल करून त्यांनी वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा वसाहत नाहीच, लिस्बनसारखाच पोर्तुगाल! पण १९६० मध्ये एका वर्षात १७ नवे देश संयुक्त राष्ट्रांत आले, त्यांतले १६ आफ्रिकेतले, आणि मतांचं गणितच पालटलं. १४ डिसेंबरला वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका तटस्थ. दुसऱ्याच दिवशीच्या ठरावात पोर्तुगालच्या परतंत्र प्रदेशांची यादी आली. तीत अंगोला, मोझांबिकबरोबर गोवाही होता.

पुढे १९६५ चा वंशभेदविरोधी करार या नव्या देशांच्या रेट्याने झाला. देश करार पाळतात की नाही हे बघणारी समिती असलेला संयुक्त राष्ट्रांचा हा पहिला मानवी हक्क करार. १९६६ च्या दोन्ही मोठ्या करारांचं (एक नागरी-राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक-सामाजिक-सांस्कृतिक हक्कांचा) पहिलं कलमही आत्मनिर्णयाचंच, म्हणजे आपलं राजकीय भवितव्य आपण ठरवण्याच्या हक्काचंच आहे.

पण सत्तेत बसल्यावर घरचा मामला सगळ्यांनाच आठवतो. भारताने हे दोन करार १९७९ मध्ये स्वीकारले, ते सोबत एक निवेदन जोडून: आत्मनिर्णयाचा हक्क फक्त परकीय अंमलाखालच्या लोकांना, स्वतंत्र देशाच्या एखाद्या भागाला नाही. यावर आक्षेप घेतला कुणी? पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स आणि चक्क फ्रान्सने.