कोलेस्टेरॉलच्या गोळीने अधिवृक्क ग्रंथी दुबळी होते का?

प्रश्न : माझे वय ५८ आहे. कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी सुरू केली आहे. कॉर्टिसॉल हे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासूनच तयार होते, असे वाचनात आले. मग रक्तातील चरबी उतरवली, तर अधिवृक्क ग्रंथीचे काम मंदावणार नाही का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके कोलेस्टेरॉलपासूनच बनवतात. माणसात हे कोलेस्टेरॉल मुख्यतः ते रक्तातून वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांतून घेतले जाते. शिवाय ग्रंथीच्या पेशी ते स्वतः तयार करतात आणि थेंबांच्या रूपात साठवूनही ठेवतात.

आपल्या सांगली जिल्ह्यातील वाचकाला साखर कारखान्याचे उदाहरण पटावे. आवारात उसाच्या गाड्यांची रांग कितीही लांब असली, तरी गव्हाणीत ऊस पडल्याशिवाय गाळप होत नाही. पेशीतील ही गव्हाण म्हणजे ‘स्टार’ नावाचे प्रथिन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून आलेले एसीटीएच हे संप्रेरक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला चिकटले, की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या वाढतो, त्यामुळे स्टार कामाला लागते आणि कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या) आतील पटलापर्यंत पोहोचते. तेथे २७ कार्बनच्या रेणूचे विघटन होऊन २१ कार्बनचे प्रेग्नेनोलोन, म्हणजे या संप्रेरकांचे पहिले पूर्वरूप, तयार होते. हाच संदेश साठवलेले कोलेस्टेरॉल मोकळे करतो व रक्तातून अधिक एलडीएल ओढून घेण्याची पेशीची क्षमताही वाढवतो. अल्डोस्टेरॉनच्या बाबतीत अँजिओटेन्सिन व पोटॅशियम कॅल्शियममार्फत निरोप देतात.

म्हणजे रोजच्या निर्मितीचा वेग कच्च्या मालापेक्षा निरोपावर अधिक अवलंबून असतो. नेहमीच्या मात्रेतील स्टॅटिनने कॉर्टिसॉल धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचे आढळत नाही. जन्मतःच ज्यांच्या रक्तात एलडीएल जवळजवळ नसते, अशा दुर्मीळ रुग्णांतही एसीटीएचचा मारा दीर्घकाळ चालू ठेवल्यावरच ग्रंथीची उणीव दिसून येते. त्यामुळे गोळी स्वतःहून बंद करू नये.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच सवयीची. सांधेदुखीवर किंवा दम्यावर कोणीतरी दिलेल्या, नाव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे औषध, असते. ते महिनोन्महिने घेतले, की एसीटीएचचा निरोपच थांबतो आणि ग्रंथी आक्रसते. अशी औषधे आपण घेत असाल, तर ती एकदम न सोडता आपल्या डॉक्टरांना दाखवावीत. गरज वाटल्यास ते सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसॉलची तपासणी करून घेतील.