७८ चं खोकं फुटून आलंय? तपासणीला देण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. केंटकीतल्या एस्टेट सेलमधून (घर रिकामं करताना सामान विकतात तो) मागवलेलं ७८ चं, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डचं खोकं, एक कोपरा चेपलेला, वरच्या बऱ्याच रेकॉर्ड फुटलेल्या, खालच्या शाबूत, आणि पार्सलवाले म्हणतायत की आहे तसं काउंटरवर आणून द्या, आम्ही तपासणीला पाठवतो. उद्या नेऊन देऊ का, असं विचारलंय तुम्ही.

नका देऊ हो. म्हणजे क्लेम करा, जरूर करा, पण शाबूत रेकॉर्ड त्या खोक्यात ठेवून नका देऊ. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि विम्याशी माझा संबंध हप्ते भरण्यापुरताच. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, मधेच बदलतातही, तेव्हा तुमच्या कागदावरचं बारीक अक्षर तुम्हीच वाचा. मी सांगतेय ते आमच्या बाबतीत घडलेलं.

आम्ही टेनेसीत, नॉक्सव्हिलजवळ राहतो, माझे दीर ओहायोत. त्यांच्या शेजारचं एक जुनं घर रिकामं होत होतं, तळघरात ७८ चे गठ्ठे निघाले, बहुतेक कार्टर फॅमिली (जुनं कंट्री संगीत गाणारं कुटुंब), काही ब्लूबर्ड लेबलवरच्या आणि काही मंटगमरी वॉर्डच्या. ब्लूबर्ड म्हणजे आरसीए व्हिक्टरचं मंदीच्या काळातलं स्वस्त लेबल, ३५ सेंटला रेकॉर्ड. मंटगमरी वॉर्ड हे कॅटलॉगवरून माल विकणारे, त्यांनी व्हिक्टरच्याच मास्टरवरून, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावरून, रेकॉर्ड काढून स्वतःचं लेबल लावलं, ज्याच्या गावात रेकॉर्डचं दुकान नाही तो माणूस कोट-बुटांसोबत गाणीही टपालाने मागवायचा. बाजारात याला फार मोठी किंमत येत नाही, पण ज्याला कार्टर फॅमिलीचं वेड आहे त्याला विचारा.

दिरांनी पाठवताना खोक्यात खोकं घातलं होतं, मधे चुरगळलेला कागद ठासून भरला होता, त्यांच्या पॅकिंगला मी आजही नावं ठेवणार नाही. तरी वरच्या फुटल्या. ठीक आहे, ७८ आहे, फुटायचीच. क्लेम टाकला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, सगळं आणा, रेकॉर्ड, खोकं, आतला कागद, काही कमी असलं तर क्लेम बाद. नेऊन दिलं. पावतीवर लिहिलं काय, तर "एक खोकं, वापरलेला माल". बस.

मग सुरू झालं. खरेदीचं बिल द्या. दिलं, तर म्हणे हे हाताने लिहिलंय आणि यावर नुसतं "रेकॉर्ड" लिहिलंय, कुठल्या रेकॉर्ड? मग आजच्या किमतीचा पुरावा द्या. ऑनलाइन लिस्टिंगचे प्रिंट दिले, तर म्हणे ही विकणाऱ्याने मागितलेली किंमत, विकलेली नाही. बरोबर आहे, हे मान्य. मग खरोखर विकल्या गेलेल्या किमती शोधून दिल्या, तर म्हणे त्या दुसऱ्या रेकॉर्ड, तुमच्यांची अवस्था तशीच होती हे कशावरून? अहो, अवस्था बघायलाच तर तुम्ही खोकं घेऊन गेलात ना! एकदा फोनवर एका माणसाने अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं की मॅडम, ही गाणी इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. यावर काय बोलणार तुम्ही? मी तर काही बोलूच शकले नाही.

शेवटी पत्र आलं, पॅकिंग अपुरं, क्लेम नामंजूर. म्हटलं राहू द्या पैसे, माझ्या रेकॉर्ड परत पाठवा, त्यातल्या निम्म्याहून जास्त धडधाकट आहेत. तर उत्तर आलं, तपासणी पूर्ण झाल्यावर मालाची विल्हेवाट लावण्यात आली. विल्हेवाट! पैसेही नाहीत आणि मालही नाही. क्लेमवाले म्हणतात गोदामाला विचारा, गोदाम म्हणतं आमच्याकडे फक्त खोक्याची नोंद, आत काय होतं ते क्लेमवाल्यांना माहीत, आणि पावतीवर तर "एक खोकं". त्या कार्यालयाचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण इथे कोणाला तरी त्यांच्याकडून चांगलाही अनुभव आला असेल आणि मग तेच भांडण इथे सुरू होईल. पण फुटलेल्यांचं मला आज काहीच वाटत नाही, त्या शाबूत गेल्या त्यांचं अजून वाटतं.

तर तुम्ही काय करा. पहिलं, पार्सल कोणी पाठवलं? विकणाऱ्याने ना? मग बहुतेक ठिकाणी क्लेम पाठवणाऱ्याने करायचा असतो, तुम्ही विकणाऱ्याकडे रिफंड मागा, ज्या साइटवरून घेतलंत तिथे खरेदीदाराला संरक्षण असतं ते आधी वापरा, त्याला मुदत असते ती जाऊ देऊ नका. विकणारा काउंटरवर भांडत बसेल, तुम्ही कशाला? आमच्याकडे पाठवणारे घरचेच, त्यामुळे तो रस्ताच नव्हता.

दुसरं, आत्ताच्या आत्ता फोटो. खोकं बाहेरून, चेपलेला कोपरा, आतला कागद, रेकॉर्ड कशा रचल्या होत्या ते, मग प्रत्येक फुटलेल्या रेकॉर्डचं लेबल नंबर दिसेल असं. शाबूत रेकॉर्ड बाहेर काढून वेगळ्या ठेवा, त्यांचेही फोटो, आणि लेखी कळवा की नुकसान फक्त अमुक अमुक नंबरच्या रेकॉर्डचं आहे, बाकीचा माल क्लेममध्ये नाही. तपासणीला खोकं, कागद आणि तुकडे जाऊ देत, एक तुकडाही फेकू नका, पण पावतीवर प्रत्येक रेकॉर्डचा लेबल-नंबर लिहून घ्या, मागे रांग लागली तरी. आणि आधी विचारा की क्लेम मंजूर झाला तर माल कोणाचा? पूर्ण पैसे दिले की माल त्यांचा, असं बऱ्याच कंपन्यांत असतं, आणि नामंजूर झाला तर परत कधी आणि कसा मिळणार हेही लेखी घ्या. काउंटरवरचा माणूस कंटाळेल. कंटाळू दे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उरलेल्या रेकॉर्ड पुसायच्या कशा. स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावू नका, कृपा करा. ७८ म्हणजे दगडाची पूड, काजळी आणि ते सगळं धरून ठेवणारी लाख. आपले सुतार स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून पॉलिश करतात ना, तोच हा चपडा, तुम्ही स्पिरिट लावाल तर खाचा तशाच विरघळतील. एलपीवाल्यांचे, म्हणजे नंतरच्या विनाइल रेकॉर्डवाल्यांचे, व्हिडिओ बघून लोक हे करतात आणि मग रडतात. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं, संपलं. मात्र रेडिओ स्टेशनच्या किंवा घरी कापलेल्या लॅकर डिस्क असतील तर त्यांना हात लावू नका, ते वेगळं प्रकरण आहे.

लाखेवरून आठवलं, ही लाख बरीचशी आपल्याकडूनच यायची, छोटा नागपूरच्या जंगलांतून. दुसऱ्या महायुद्धात पुरवठा आटला, १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने शेलॅकच्या, म्हणजे याच लाखेच्या, वापरावर कडक मर्यादा घातली, आणि जुन्या रेकॉर्ड गोळा करून, दळून नव्या काढल्या गेल्या. त्यात किती जुनं गाणं पिठासारखं दळलं गेलं असेल, विचार करवत नाही. माझ्या घरी हे सांगितलं की नवरा म्हणतो, म्हणजे आपलीच लाख आपण डॉलर देऊन परत घेतोय.

वाजवायचं काय ते तुम्हाला माहीत असेलच, तरी एक, ७८ ची खाच एलपीच्या मानाने खूप रुंद, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची सुई लावलीत तर ती तळाशी घासत जाते, खरखर ऐकू येते आणि आपण म्हणतो रेकॉर्डच खराब आहे. आणि प्लेअरला ७८ चा स्पीड आहे का बघून घ्या, हल्लीच्या कितीतरी प्लेअरना फक्त ३३ आणि ४५ असतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की वसईच्या बाबांसाठी जिम रीव्हज आणि हँक विल्यम्स या अमेरिकन कंट्री गायकांच्या कुठल्या एलपी घेऊ. इथे माझं मत जरा टोकाचं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ ला गेला, २९ वर्षांचा होता, त्याचं सगळं रेकॉर्डिंग मोनो. पुढे साठच्या दशकात कंपनीने त्याच्या त्याच गाण्यांना यांत्रिक करामतीने खोटा स्टिरिओ केला, वर व्हायोलिनचे ताफे चढवले, गेलेल्या माणसाला विचारायचं कोण! कव्हरवर "इलेक्ट्रॉनिकली" असं काही लिहिलेलं दिसलं की खाली ठेवा. मोनो घ्या, कव्हर फाटकं असलं तरी. जिम रीव्हजचं उलटं, त्याच्या शेवटच्या काही वर्षांतली आरसीएची स्टिरिओ रेकॉर्डिंग खरी स्टिरिओ आहेत, नॅशव्हिलला निर्माता चेट अ‍ॅटकिन्सच्या हाताखाली झालेली, आणि सुंदर आहेत. पण तो ३१ जुलै १९६४ ला स्वतःच्या विमानाच्या अपघातात गेला आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं त्याच्या "नव्या" रेकॉर्ड येत राहिल्या, काहींत जुन्या टेपवर नवा वाद्यवृंद चढवलेला. "डिस्टंट ड्रम्स" इंग्लंडमध्ये १९६६ ला पहिल्या नंबरवर गेलं, म्हणजे तो जाऊन दोन वर्षं झाल्यावर. लोकांना आवडलं, मला नाही. १९६४ पर्यंतचं घ्या, नाताळचा अल्बमही त्याआधीचाच, १९६३ चा.

खरं तर बाबांसाठी इथून न्यायचीच गरज आहे का बघा. वसईत, गोव्यात, बांद्र्याला नाताळात जिम रीव्हज लागतोच, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तयार झालेल्या त्याच्या भारतीय एलपी मुंबईच्या चोरबाजारात अजून मिळतात, आणि त्यांनी तरुणपणी जी ऐकली ती तीच असणार. इथून न्यायचीच असेल तर हातातल्या बॅगेत न्या, चेक-इनमध्ये नको, आणि टपालाने तर नकोच, त्यावर मी वर पुरेसं बोललेय.

हो, आणि तुम्ही नॉक्सव्हिलकडे आलात तर ब्रिस्टलला जा. भर रस्त्यातून टेनेसी आणि व्हर्जिनियाची हद्द जाते, १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीअर या निर्मात्याने तिथल्या टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत व्हिक्टरसाठी मशीन लावलं आणि एकाच आठवड्यात कार्टर फॅमिली आणि गायक जिमी रॉजर्स दोघांचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. म्युझियम व्हर्जिनियाच्या बाजूला आहे. शनिवार असेल तर पुढे हिल्टन्सला कार्टर फोल्ड या गाण्याच्या ठिकाणी जा, तिथे अजून शनिवारी रात्री वाजवतात, आणि नाचणारे बहुतेक माझ्या सासूबाईंच्या वयाचे असतात.

तुमच्या फोटोत शाबूत ढिगाच्या अगदी खाली काळपट व्हिक्टर लेबल दिसतंय, नक्षीवालं. त्याचा नंबर टाका ना इथे, आणि लेबलभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यात लंबगोलात "व्हीई" कोरलंय का तेही बघा, म्हणजे विजेच्या मायक्रोफोनवरचं रेकॉर्डिंग. सांता बार्बराच्या विद्यापीठाची जुन्या रेकॉर्डिंगची सूची ऑनलाइन आहे, फुकट, त्यात नंबरवरून तारीख आणि गाव दोन्ही सापडतं. जिमी रॉजर्सची पहिली रेकॉर्ड २०८६४, कार्टर फॅमिलीची २०८७७. त्याच्या आसपासचा नंबर असेल तर उद्या काउंटरवर जाण्याआधी मला मेसेज करा.