जास्तीचा कर भरू इच्छिणाऱ्यास

सातारा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढे कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण झाले, त्या ऋणापोटी यंदा निघणाऱ्या प्राप्तिकराहून २५,००० रुपये जास्त भरावेत, असे तू लिहिले आहेस. साताऱ्यात चाळीस वर्षे मी लोकांची विवरणपत्रे भरून दिली. कर कमी कसा होईल हे विचारणारेच बहुतेक भेटले, म्हणून तुझे पत्र दोनदा वाचले.

परंतु चलनावरचा आकडा वाढवून हे साधणार नाही. देय करापेक्षा जास्त भरलेली रक्कम कायद्याने तुझीच राहते आणि विवरणपत्र तपासून झाले की परतावा म्हणून तुझ्याच खात्यात जमा होते. जास्तीचे पैसे सरकारला देणगी म्हणूनच द्यावे लागतात. अमेरिकेत त्यासाठी सरकारी खजिन्यात १८४३ पासून स्वतंत्र खाते आहे. आपल्याकडे राष्ट्रीय संरक्षण निधी, मुख्यमंत्री सहायता निधी, सशस्त्र सेना ध्वजदिन निधी असे त्या त्या कामाला बांधलेले निधी आहेत, आणि मला ही बांधिलकीच मोलाची वाटते.

१९६२ साली चीनचे युद्ध पेटले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आईने मोरीत बसून मनगटाला साबणाचा फेस लावला, हातातली एक पाटली ओढून काढली आणि ती संरक्षण निधीला दिली. त्याची पावती तिने अखेरपर्यंत पोथीत जपली. पैसा कशासाठी गेला हे तिला पक्के ठाऊक होते, तसे ते तुलाही ठाऊक असावे.

आता वजावटीचे. जुन्या करप्रणालीत संरक्षण निधीला दिलेल्या रकमेची पूर्ण वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने २५,००० दिले, तर साडेसात हजारांहून थोडा अधिक कर वाचतो, म्हणजे तेवढा वाटा सरकारनेच उचललेला असतो. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. तू ती निवडली असशील, तर दिलेला रुपया पूर्णपणे तुझ्या पदरचा. तुझ्या मनात आहे ते असेच असावे, असे मला वाटते.

त्याआधी एक मात्र तपास. घरभाड्याच्या खोट्या पावत्या मागायला दर मार्चला माझ्याकडे भली माणसे येत. तसे काही तुझ्या कागदांत असेल, तर आधी ते काढून टाक आणि देणे असलेला कर पुरता भर. ते झाल्याखेरीज देणगीचा विचार नको.

ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असलेल्या ध्वजदिन निधीला तू त्या दिवशी देणगी दे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जवान परतले नाहीत. त्यांच्या जिल्ह्यात ही देणगी देताना तुला निधीचा हेतू समजावून सांगावा लागणार नाही. येणार असशील तर आधी कळव, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपण दोघे मिळून जाऊ. पावती मात्र तुझ्याच नावाची घे.

तुझा,
काका