आखाजीपासून साचलेली पत्रं

चैत्राच्या अंकानंतर तुमचं सदर दिसलंच नाही. तब्येत बरी आहे ना? की लिहिणं सोडलं?
— एक वाचक, चोपडा

तब्येत ठणठणीत आहे, दादा. घरात लिहायला बसायला जागा नव्हती, एवढंच. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता. अधिकात कोणी लग्न काढत नाही, त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरचं कार्य आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे येऊन आदळलं. आमच्या यावल तालुक्यात एकेका दिवशी एका गावी हळद, दुसऱ्या गावी लग्न, आणि पत्रिका दोन्हीकडच्या घरच्याच. आमच्याही पुतण्याचं त्यातच उरकलं.

आखाजीला माहेरी आलेल्या नणंदा मग परत गेल्याच नाहीत. ‘आता जाऊन काय करू, हळदीला यायचंच आहे ना,’ म्हणत बोचकी सोडून बसल्या. मलाही बरंच वाटलं, खोटं का बोला. आखाजीची घागर भरली. लाल मातीची घागर, तिच्यावर लोटा, लोट्यावर डांगर. (पुण्या-मुंबईचे वाचक त्याला खरबूज म्हणतात. तुमचं डांगर म्हणजे भोपळा, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी मला दुरुस्त करणारं पत्र पाठवतं. यंदा पाठवू नका.) सोबत आंबे, सांजोऱ्या. चुलीतल्या निखाऱ्यावर सासऱ्यांच्या नावाने आगारी (पितरांचा घास) टाकली. त्याच दिवशी सालदाराचं साल संपलं, हिशेब झाला, आणि संध्याकाळी तोच पुढच्या सालाला हो म्हणून गेला. पुरुषमंडळी निंबाखाली पत्ते कुटत होती. त्या एका दिवशी त्यांना कोणी बोलत नाही.

सगळ्यांनी खापरावरच्या पोळ्यांचा आग्रह धरला होता. आमच्या घरात त्या जमतात फक्त धाकट्या जाऊबाईंना. पुरणाचा उंडा तळहातावर घ्यायचा आणि लाटणं न लावता या हातावरून त्या हातावर झुलवत न्यायचा. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, आणि पोळी कोपराखाली लोंबायला लागली की उपड्या खापरावर अशी सोडायची की सुरकुती पडता कामा नये. पीठ वस्त्रगाळ हवं आणि तिंबणाऱ्याच्या दंडात जोर हवा. नणंदेची लेक मोबाईल घेऊन समोर उभी राहिली. जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, ‘फोटो मंग काढजो, आधी लाकूड पुढे सार.’ पोरीने लाकूड सारलं, डोळ्यात धूर गेला, फोटो राहिला.

लग्नाला अर्थातच वरणबट्टी. गहू जाडसर दळून त्यात थोडी मका, जिरं, ओवा, हळद, तेलाचं मोहन. गोळे वाफवून, कापून तळलेले. वर साधं तुरीचं वरण, तूप, आणि घोटलेली वांग्याची भाजी. आदल्या रात्री वांगी चिरायला भाऊबंदांतल्या बाया आल्या, त्या मध्यरात्र उलटेपर्यंत हलल्या नाहीत. कोणाच्या सुनेचं काय झालं, कोणाच्या केळीला काय भाव मिळाला, कोणाचं पोरगं पुण्यात काय करतं, सगळं तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी मांडवात हजारभर माणूस जेवून गेलं, त्यातल्या निम्म्यांशी मी ‘या बरं का’ यापलीकडे बोलले नसेन.

लग्न उरकलं तरी कार्य उरकत नाही. मागून आणलेली भांडी परत करायची होती. अंगणात पराती, गंज, बादल्यांचा ढीग, आणि आम्ही दोघी जावा भांड्यांवर घातलेली नावं वाचत बसलेल्या. एका गंजावर अशा माणसाचं नाव निघालं जो वारून मला वाटतं वीस वर्षं झाली असतील. तो गंज त्याच्या नातवाच्या घरी पोचवला. सून म्हणाली, ‘अहो काकू, हा आमचा आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.’

त्यानंतर अधिकात जावयाचे धोंडे, पाठोपाठ पेरण्या. आता श्रावण तोंडावर आल्यावर पत्रांची पिशवी उघडली आहे. ज्यांच्या प्रश्नांची वेळ निघून गेली त्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही सुरतेला उधन्यात राहतो, गाव अमळनेर तालुक्यात. कानबाईला रविवारी सकाळी पोचून सोमवारी रात्रीच्या गाडीने परत निघायचं ठरवलं आहे. आई म्हणते शनिवारीच ये आणि चार दिवस राहा. रजा मिळत नाही. एवढं ताणायची गरज आहे का?
— एक मुलगा, सुरत

आईचं बरोबर आहे, आणि ती ते नीट सांगत नसेल म्हणून मी सांगते.

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार कानबाईचा, आपल्या खानदेशातल्या देवीचा. यंदा तो २३ ऑगस्टला येतो. रविवारी कानबाई बसते, रात्री जागरण, गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर. तू रविवार-सोमवार धरतोस म्हणजे तुला तेवढं दिसतं. पण कानबाईचा जीव रोटांत, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांत आहे. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. कुठे माप निराळं असेल, रीत घरोघरी बदलते. तू सुरतेला असलास काय आणि दुबईला असलास काय, तुझ्या नावाची मूठ पडते. तुला मुलगा झाला असेल तर त्याचीही पडते. ते गहू निवडायचे, हरभऱ्याची डाळ घ्यायची, सोवळ्यात दळून आणायचं. हे सगळं रविवारच्या आधी, आणि बहुतेक एकट्या आईच्या अंगावर.

आता पुढचं बघ. हे रोट भाऊबंदांच्या बाहेर द्यायचे नसतात. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही, डब्यात घालून ऑफिसात तर नाहीच. रोट खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा आमच्याकडे कुठेही फेकत नाहीत, अंगणात खड्डा करून त्यात टाकतात. आणि ते पौर्णिमेच्या आत संपले पाहिजेत. यंदा पौर्णिमा २८ तारखेला, म्हणजे पाचच दिवस हातात. तू सोमवारी रात्री ताप्ती लाईनची गाडी धरलीस तर तुझ्या, तुझ्या भावाच्या, तुझ्या लेकराच्या नावाचे रोट कोण खाणार? सत्तरीतली तुझी आई आणि मधुमेहवाले वडील, दूध-खिरीत कुस्करून, तिन्ही वेळा. गेल्या साली आमच्या गल्लीत एका घरी हेच झालं. म्हातारा-म्हातारी दोघंच, समोर परातभर रोट, आणि मुलं व्हॉट्सॲपवर विचारतायत, ‘संपले का?’

रजा खरंच मिळत नसेल तर रविवार-सोमवार सोडून शनिवार-रविवार धर. नदीवर न्यायला गावात पुष्कळ माणसं असतात. गहू निवडायला नसतात. आणि बायकोला पुढे पाठवून स्वतः मागून येण्याचा विचार असेल तर तो मनातून काढ, गहू पुरुषालाही निवडता येतात.

लग्नात पंगत बरी की बुफे?
— भुसावळ

पंगत. बुफेत म्हाताऱ्या माणसाला बट्टी कुस्करायला हात मोकळा राहत नाही.

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याला बोलावलं आहे. पहिलाच अधिक आहे. व्याह्यांनी मध्यस्थामार्फत सुचवलं की ‘अंगठी तरी होईलच ना’. काय करावं?
— मुलीचे वडील, धरणगाव

तुमचं पत्र हाती आलं तेव्हा अधिक संपत आला होता, तरी उत्तर देते, कारण अशी आणखीही पत्रं आली आहेत. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, चंद्राचं ३५४. त्या अकरा दिवसांच्या फरकाचा मेळ घालायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घेतात. यात सोन्याचा संबंध कुठे आला? रीत आहे ती तेहतीस अनारशांची, दिव्याची, आणि पुरणाचे धोंडे करून लेक-जावयाला पोटभर जेवू घालण्याची. अनारसे तांब्या-पितळेच्या भांड्यात घालून द्यावेत. भांडं त्यांच्याच घरी राहतं, तेवढा धातू पुरे.

मध्यस्थाला परत मध्यस्थासारखंच उत्तर द्या. ‘आमच्याकडे रीत अनारशांची आहे’ एवढं म्हणा, पुढे एक अक्षर बोलू नका, आणि ‘ऐपत नाही’ असं तर मुळीच म्हणू नका. ऐपत नाही म्हटलं की समोरचा ती येण्याची वाट बघत राहतो. दिली असेल अंगठी तर दिली, आता विषय काढू नका. पण पुढचा अधिक महिना २०२९ च्या चैत्रात आहे, तेव्हा लेकीलाही विचारा तिला काय वाटतं. तुमच्या पत्रात चार माणसांची मतं आहेत, तिचं नाही.

माझ्या बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळल्यावर तडकतात आणि कापडावरून निघताना तुकडे होतात. आईच्या कधी होत नव्हत्या.
— नाशिक (माहेर पारोळा)

ज्वारी किती दिवस भिजवलीस ते लिहिलं नाहीस. दोन दिवसांत उरकलं असशील असा माझा अंदाज. तीन दिवस भिजू दे, रोज पाणी बदल, मग धुऊन, सुकवून दळ. आधण खळखळत असताना पीठ घालायचं आणि चाटूने घाटत राहायचं, घाटा चकाकायला लागेपर्यंत. लसूण, तीळ, जिरं, मीठ त्यातच. कच्चा घाटा हाच नव्वद टक्के तडकण्याचं कारण. ओल्या हाताने ओल्या कापडावर थाप, कडा मधल्या भागापेक्षा पातळ होऊ देऊ नकोस, कारण कडा आधी वाळते आणि ओढ घेते. काढताना कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मार, थोडं थांब, आणि मग बिबडी कापडावरून नव्हे, कापड बिबडीवरून सोडव.

आता श्रावणात करू नकोस. फाल्गुन-चैत्रातलं ऊन येऊ दे. आणि एकटीने करू नकोस. घाटा गरम असतानाच थापावा लागतो. एकटी बाई चौथ्या-पाचव्या ओळीला येईस्तोवर तो थिजतो. तुझ्या आईच्या बिबड्या तडकत नव्हत्या याचं अर्धं श्रेय गल्लीतल्या बायांचं आहे. बिल्डिंगमध्ये एखादी धुळ्याची-जळगावची शोध, वाटीभर गरम घाटा तेल घालून खायला दे, पुढच्या वर्षी ती आपणहून पाट घेऊन येईल.

मी पुण्यात नोकरी करतो. या हंगामात नात्यातलं सगळं चुकलं: दोन लग्नं, एक बारसं, आतेभावाची वास्तुशांत, आणि मामींचे वडील गेले तेव्हाही येता आलं नाही. आता एका शनिवार-रविवारी गाडी काढून सगळ्यांकडे धावती भेट देऊन यायचं ठरवतोय. आधी कोणाकडे जाऊ? आहेर काय न्यावा?
— एक भाचा, पुणे

आधी मामीकडे. सुखाला एक वेळ नाही गेलं तर चालतं, दुःखाला गेलंच पाहिजे, आणि उशीर झाला म्हणून न जाण्यापेक्षा उशिरा गेलेलं बरं. तिथे काही नेऊ नको. वरचेवर घड्याळ पाहू नको. बस. मामी स्वतःच सांगेल शेवटच्या दिवसांत काय झालं ते, कदाचित तू चौथा-पाचवा ऐकणारा असशील, तरी पहिल्यांदाच ऐकतोयस असं ऐक. चहा झाला की ‘निघतो’ म्हणू नको, चहानंतरच माणसं बोलतात. तो शनिवार तिथेच गेला तर जाऊ दे.

बाकीच्यांकडे धावती भेट देऊच नको. धावत्या भेटीत घरच्या बाईला चार घरच्या पाहुण्यांइतकी धावपळ होते आणि बोलणं होत नाही. तू दारातून ‘बसत नाही हां’ म्हणणार, ती पोहे टाकायला धावणार. बारशाच्या घरी दिवाळीत जा. बाळ तोवर बसायला लागलेलं असेल, आंगडं-टोपडं नेण्यापेक्षा एक माप मोठे कपडे ने. लग्नवाल्या दोन्ही घरी फोन कर, पण नवरदेवाला नको, त्याच्या आईला कर, आणि ‘आल्बम आला का’ विचार. बघ किती वेळ बोलते. आहेराचं पाकीट पाठवायचं असेल तर लग्नाची वही अजून बंद झालेली नसते, नाव लिहून घेतात.

आतेभावाकडे मात्र मुक्कामाला जा. नवं घर आहे, सामान लागायचं असेल. कपाटं सरकवायला, नळ गळतोय का बघायला, माळ्यावर खोकी टाकायला माणूस लागतो, आणि तो वास्तुशांतीच्या जेवणाला आलेल्या दीडशे माणसांतला एकही नसतो. जुने कपडे घालून जा.

भरिताची पाककृती द्या ना. पाहुणे आले आहेत आणि आत्ताच हवी आहे.
— तीन वाचक, तिघांचंही हेच

आत्ता नाही. बामणोद-आसोद्याकडची पांढरट हिरवी मोठी वांगी थंडीतच खरी, आत्ता बाजारात मिळतील त्यांत बियाच फार. भाजायला कपाशीच्या काड्या लागतात, त्याही अजून शेतात उभ्या आहेत. पाहुण्यांना शेवभाजी करून घाला, शेव जाड आणि तिखट घ्या, रस्सा उकळल्यावर अगदी ताटात वाढताना शेव टाका. भरिताचं, बडजीत (लाकडी उखळीत) कसं ठेचायचं त्यासकट, मार्गशीर्षाच्या अंकात लिहीन.