पत्रात लिहिलंय म्हणून लगेच काढता येतं का?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. बिलिंगचा क्लार्क 4 वर्षांपासून आहे, पगार 18,000. मागच्या सीझनपासून शेतकऱ्यांच्या पट्टीत (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या बिलात) हमाली-तोलाई चुकते, ई-वे बिलावर (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदावर) गाडी नंबर चुकतो, एकदा तर गाडी रस्त्यात अडकली. तोंडी खूपदा सांगून झालं. अपॉइंटमेंट लेटरमधे 'काम समाधानकारक नसल्यास एक महिन्याच्या नोटिशीने कमी करू' असं आहे, मग नोटीस दिली की झालं ना? एकजण म्हणतात सरळ राजीनामा लिहून घ्या.

उत्तर : नाही, तेवढ्यावर होत नाही. बरेच मालक म्हणतात तो ऑफिस स्टाफ आहे, कामगार थोडाच, पण क्लार्कचं काम करणारा कायद्याने कामगारच धरला जातो, पगार कितीही असो, आणि उद्या त्याला नुसतं 'मॅनेजर' म्हटलं तरी कोर्ट बघतं तो रोज काय काम करतो ते. शिस्तभंगाची शिक्षा, स्वतःहून किंवा वयाने निवृत्ती असे काही अपवाद सोडले तर कामगाराला कुठल्याही कारणाने कमी केलं, मग ते कामात कमी पडणं का असेना, तर ती कायद्यात 'कामगार कपात' ठरते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 1990 मधे हेच सांगितलंय. वर्षात 240 दिवस काम भरलं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षाला 15 दिवसांचा पगार भरपाई द्यावीच लागते, पत्रातली अट त्याच्या आड येत नाही. हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तुमच्या हिशेबाने नोटिशीचे 18,000 सोडून भरपाईचेच किमान 36,000 होतात.

पण माझं खरं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. तोंडी सांगितलेलं कोर्टात टिकत नाही आणि त्या माणसालाही नीट कळत नाही की प्रकरण नोकरीवर आलंय. कुठल्या तारखेची कुठली पट्टी चुकली ते लिहून द्या, सही घ्या, दोन-तीन महिने द्या आणि त्या काळात कुणीतरी त्याची बिलं तपासून दाखवा. चार वर्षं बरं काम करणारा माणूस अचानक चुकायला लागला तर घरी आजारपण आहे का, की सॉफ्टवेअर बदललंय, हे आधी विचारा ना! मागच्या तारखेचे मेमो मात्र अजिबात बनवू नका.

एवढं करूनही जमलं नाही तर नोटिशीत फक्त काम समाधानकारक नाही एवढंच लिहा. रागाच्या भरात 'अप्रामाणिक', 'मुद्दाम नुकसान केलं' असं लिहिलंत तर ते गैरवर्तन झालं, मग आरोपपत्र, चौकशी, त्याचं म्हणणं ऐकणं, सगळं करावं लागतं, आणि ते न करता काढलं तर निकाल बहुतेक वेळा मालकाच्या विरुद्ध जातो, कधी मागच्या पगारासकट परत घ्यावं लागतं.

राजीनाम्याचा सल्ला ऐकू नका. दबावाने घेतलेला राजीनामा घेऊन तो सहायक कामगार आयुक्तांकडे गेला की तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही, आणि त्याची भरपाई बुडवणं हे बरोबरही नाही. नोटीस लागू व्हायच्या आत भरपाई द्या, आणि शेवटचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत बँकेतून करा, रोख नको.