ओटीपोटात दोन वर्षं दुखतंय, सगळे रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. समजून घेणारे डॉक्टर कसे शोधायचे?

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता नुसतं वाचूनही डोकं फिरतं.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही, असं होत नाही. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं, हा दर दहा बायकांमागे साधारण एकीला असतो. त्याची चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) झाली असेल तर सोनोग्राफीत दिसते, पण वरवरचे बारीक ठिपके बहुतेक वेळा दिसत नाहीत. आणि दुर्बिणीतून बघूनही काही सापडलं नाही, तरी ओटीपोटात स्नायू आहेत, नसा आहेत, मूत्राशय आहे, आतडी आहेत. त्यांचं दुखणं फोटोत उमटलंच पाहिजे असं थोडंच आहे?

माझं दुखणं बसलं की सुरू व्हायचं. खुर्चीत एका कुल्ल्यावर भार टाकून, अंग तिरकं करून बसायची सवयच लागली होती. स्त्रीरोगतज्ज्ञ झाले, पोटाचे डॉक्टर झाले. प्रत्येकाने आपापला भाग तपासला आणि ‘आमच्याकडचं काही नाही’ म्हणून पुढे पाठवलं. एका डॉक्टर बाईंनी तर माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला विचारलं, “यांना घरी काही टेन्शन आहे का?” तो म्हणाला, “ती इथेच बसलीय, तिलाच विचारा.” त्यांनी विचारलं नाही. केगलचे व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, लिहून दिले, सोबत गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी. गोळीने दिवसभर झोप यायची, दुखणं जागच्या जागी. व्यायामाने तर ते वाढलं. ज्या स्नायूंना आधीच पेटके आलेत ते आणखी आवळल्यावर दुसरं काय होणार! त्या गोळीबद्दल नंतर कळलं की ब्रिटनमध्ये ३०६ बायकांवर तिची चाचणी झाली होती, सगळ्या दुर्बिणीत काहीच न सापडलेल्या. २०२० साली निकाल आला: औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा फरक नाही, त्रास मात्र जास्त.

शेवटी एका युरॉलॉजिस्टने (मूत्रविकारांच्या डॉक्टरने) फाइल मिटून विचारलं, “बसल्यावर वाढतं की उभं राहिल्यावर? लघवीला सुरुवात व्हायला वेळ लागतो का? संबंधांच्या वेळी दुखतं का?” आणि मला पेल्व्हिक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने आधी सांगितलं, “तुम्ही थांब म्हणालात की मी थांबणार.” मग हातमोजा घालून, एकाच बोटाने, आतून एकेक जागा हळूहळू दाबत गेली. इथे? नाही. इथे? नाही. बोट जरा बाजूच्या भिंतीकडे गेलं आणि मी टेबलाची कडा धरली. “हेच का ते दुखणं?” हेच. मांडीत उतरणाऱ्या ओढीसकट हुबेहूब तेच. ऑब्ट्युरेटर इंटर्नस नावाचा स्नायू, म्हणाली. खुब्याला फिरवणारा, पण ओटीपोटाच्या आतल्या बाजूने जाणारा. मला हायसं वगैरे वाटलं नाही, संताप आला. इतकी मशीनं झाली आणि सापडलं ते बोटाला!

पुढचं कंटाळवाणं आहे. स्नायू सैल करायला शिकणं, पोटाने श्वास घेणं, शौचाला कुंथायचं नाही, सलग बसायचं नाही, शिवाय रात्री अमिट्रिप्टिलिनचा अगदी कमी डोस. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण आता सरळ बसून जेवते.

या गोळीवरून आमच्या जाऊबाईंचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी पाकिटावरचं नाव मोबाइलवर शोधलं आणि जाहीर केलं, “ही तर डिप्रेशनची गोळी! मी म्हणतच होते, मनाचंच आहे.” अहो, कमी डोसमध्ये तीच गोळी नसांच्या दुखण्यावर देतात. त्यांचा दुसरा सल्ला, “पिशवी काढून टाक, मी काढली, सुटले.” त्यांना फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतल्या गाठी, होत्या, अंगावरून खूप जायचं. त्यांचं ऑपरेशन योग्यच होतं. पण माझा स्नायू पिशवीबरोबर बाहेर येणार होता का? एंडोमेट्रिओसिसही पिशवीच्या बाहेर असतो, पिशवी काढली तरी उरू शकतो. अंडाशयंही काढली तर पाळी अकाली जाते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ‘एक मूल झालं की थांबेल’ हेही तसलंच. मूल हे औषध नव्हे.

तर डॉक्टर कसे शोधायचे? गोड बोलणारे शोधू नका, प्रश्न विचारणारे शोधा. लघवी, शौच, पाळी, संबंध, बसणं-उठणं, सगळ्याबद्दल जो विचारतो आणि हात लावण्याआधी परवानगी घेतो, तो. बाईच डॉक्टर हवी हा हट्ट सोडा. माझा सगळ्यात वाईट अनुभव बाईंचाच आहे. कधी दुखतं, कशाने वाढतं, कोणती औषधं झाली, हे एका कागदावर लिहून न्या, आणि ‘काही नाही’ म्हणाले तर विचारा, “मग दुखतंय कशाने, आणि आता पुढे कोणाकडे जाऊ?” ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे परत जाऊ नका.

आता थोडं सावरून. माझं स्नायूचं निघालं म्हणून तुमचंही तेच असेल असं नाही. ताणाने दुखणं वाढतं हेही खरं आहे, वर्षानुवर्षं दुखत राहिलं की नसा जरा जास्तच जाग्या राहतात; पण म्हणून ते कल्पनेतलं ठरत नाही. पुरुष असाल तरी हे लागू आहे. त्यांना तर प्रोस्टेटला सूज म्हणून कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) काही नसताना अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स देतात. ताप, अचानक असह्य कळ, लघवी अडणं, पाळी गेल्यावर रक्तस्राव किंवा विनाकारण वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि लगेच दाखवा. आणि गॅबापेंटिन चालू असेल तर हे वाचून एकदम बंद करू नका, ते डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावं लागतं.